न जडलेल्या व्यसनाचा क्लेम

२ फेब्रुवारी, सोमवार

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. विमा कंपनीत बावीस वर्षं क्लेम तपासतोय. दार लावायला सांगतात तेव्हा एक तर प्रमोशन असतं, नाहीतर कोणीतरी चहाडी केलेली असते. दोन्हीची तयारी ठेवून बसलो. निघालं तिसरंच. मागच्या आठवड्यात जेवणानंतर मी म्हणे एक क्लेम पास केला. स्कूटर जळाल्याचा. सोबत फोटो फ्रिजचा होता.

माझी बाजू शांतपणे मांडली. एक म्हणजे, मी आजवर पास केलेले क्लेम बोटांवर मोजता येतील, त्यात एकाची भर पडली तर कंपनी बुडत नाही. दुसरं म्हणजे, फ्रिजही जळालेलाच होता. साहेब म्हणाले, तुमच्या तोंडाला आत्तासुद्धा वास येतोय. मी म्हणालो, माउथवॉशचा. त्यांनी कुठल्या कंपनीचा ते विचारलं. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने इतक्या बारीक गोष्टीत शिरू नये.

मग मुद्द्यावर आले. कंपनीने स्टाफसाठी योजना काढली आहे. व्यसन असलेल्या कर्मचाऱ्याला उपचार केंद्रात ठेवायचं. खर्च कंपनीचा, पगार चालू, नोकरी शाबूत. मी ती घ्यावी, नाहीतर महिनाअखेर राजीनामा टेबलावर ठेवावा. विचार करून सांगतो म्हणालो.

मला व्यसन नाही. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही आणि स्वतःशी खोटं बोलायची मला सवय नाही. संध्याकाळी थोडी घेतो. दोनच. ग्लास मोठा असला तर तो ग्लास बनवणाऱ्याचा दोष आहे.

३ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. वाटलं, साहेबांवर भडकेल. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, देवमाणूस आहे तुमचा साहेब. मग म्हणाली, या वेळी गेला नाहीत तर मी लेकीला घेऊन दादाकडे जाईन, आणि ते परत येण्यासाठी नसेल. अगदी हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं, ते मला जमतं.

दादा म्हणजे माझा मेहुणा. औषधांचं दुकान आहे. चहासुद्धा बिनसाखरेचा पितो आणि वर तो आपल्याला आवडतो म्हणून सांगतो. अशा माणसाच्या घरात माझी लेक वाढणार. ती चौदा वर्षांची आहे. गेले सहा महिने माझ्याशी फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलते. वयाचा परिणाम.

ती जायला नको. बाकी काही झालं तरी चालेल, पण ती जायला नको.

४ फेब्रुवारी

दाढी करताना सुचलं. इतकी वर्षं लोकांनी माझ्यापुढे खोटे क्लेम आणले. आधीच मेलेली म्हैस पुन्हा मारलेली पाहिली. एकाच माणसाचा अपेंडिक्स दोन हॉस्पिटलांत काढलेला पाहिला. खोटं मला वासावरून कळतं. मग मीच एखादा खोटा क्लेम केला, तर तो पकडणार कोण? या शहरात तो पकडू शकणारा माणूस एकच आणि तो मी.

तेव्हा नसलेल्या व्यसनाचा क्लेम लावायचा. महिनाभर केंद्राच्या बागेत खुर्ची टाकून वाचन करायचं. साहेब खूश, बायको खूश, नोकरी शाबूत, लेक घरात. एका दगडात इतके पक्षी आजवर कोणी मारले नसतील.

दुपारी जरा मन खाऊ लागलं. प्रामाणिकपणे नोकरी केली आणि आता हे. संध्याकाळच्या दोन झाल्यावर टोचणी गेली.

७ फेब्रुवारी, शनिवार

केंद्र पाहणी सुरू. पहिलं केंद्र एकदम फर्स्टक्लास. पोहायचा तलाव, काचेचं ऑफिस. आत सूट घातलेली बाई. तिने कॉफी दिली आणि पेशंट कुठे आहेत विचारलं. एका मित्रासाठी चौकशी करतोय म्हणालो. तिने मित्राच्या आवडीनिवडी लिहून घेतल्या. उशी मऊ की कडक, हेही विचारलं. महिन्याचा आकडा ऐकल्यावर मला तिथेच एक घ्यावीशी वाटली. आपली कंपनी इथले पैसे देत नाही. उगाच उशीबद्दल इतकं बोललो.

८ फेब्रुवारी, रविवार

दुसरं केंद्र गावाबाहेर. चालवणारा माजी पैलवान. फाटकातून आत पाऊल टाकतोय तोवर शर्टाचं माप विचारलं. मी म्हणालो, मी मित्रासाठी आलोय. तो म्हणाला, ताकाला जाऊन भांडं लपवू नका, इथला युनिफॉर्म एक्सएलपर्यंतच मिळतो.

आवारात पंधरावीस माणसं ओळीने बसून कांदे सोलत होती. सगळ्यांचे केस बारीक कापलेले, डोळ्यांना पाणी. ते कांद्यांचं की कसलं, हे ठरवणं अवघड. टोकाला बसलेला एक जण पैलवानाची पाठ वळल्यावर मला हळूच म्हणाला, मीही मित्रासाठीच चौकशी करायला आलो होतो.

मोबाइल विसरल्याचं सांगून बाहेर पडलो. मोबाइल हातात होता. रस्त्यापर्यंत पळालो. या वयात इतकं पळता येतं, म्हणजे तब्येत उत्तम आहे. हे क्लेमच्या फाइलमध्ये मात्र घालायचं नाही.

११ फेब्रुवारी

तिसरं केंद्र. कंपनी याच केंद्राचे पैसे देते, म्हणजे निवडीचा प्रश्न मिटला. बस डेपोच्या मागे दुमजली घर. बाग म्हणजे एक नळ आणि सहासात कुंड्या. क्लेमची पाहणी करतो तशी पाहणी केली. पलंग कुरकुरतो. पंखा एका बाजूला कलला आहे. खिडकीतून डेपोचा भोंगा ऐकू येतो. खुर्ची टाकायला जागा नळाजवळच, आणि नळ गळतो.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबायची वाईट सवय. किती घेता विचारलं. ठरल्याप्रमाणे भरपूर वाढवून सांगितलं, रोज अर्धी बाटली. एवढं सांगताना मलाच संकोच वाटला. त्यांनी लिहिताना तो आकडा दुप्पट केला. म्हणाल्या, इथे सगळ्यांचाच करते. मग बजावून सांगितलं, मनाने एकदम बंद करू नका, ते घरी करायचं काम नाही, त्रास होईल. मी मनात हसलो. ज्याला नाहीच, त्याला कसला त्रास?

सत्तावीस तारखेला एक पलंग रिकामा होतोय. रिसेप्शनच्या बाईंनी तो माझ्या नावावर धरून ठेवला.

घरी येऊन सहज जिन्याखालच्या बाटल्या पाहिल्या. मी सांगितलं त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती असं दिसतं. हा आठवडा टेन्शनचा होता, तो धरायचा नाही. त्याआधीचा आठवडाही नाही, तेव्हा ऑडिट होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या लिव्हरची टेस्ट. रिपोर्ट नॉर्मल आला तर सगळंच मुसळ केरात. कंपनी म्हणेल, माणूस ठणठणीत आहे, उपचार कसले करायचे? आणि मग राजीनामा, मेहुणा, बिनसाखरेचा चहा.

तेव्हा आज जबाबदारी म्हणून नेहमीपेक्षा जास्त घेतली. चव नव्हती, तरी घेतली. लेकीसाठी माणूस काय काय करतो. ती अभ्यासाचं टेबल उचलून आतल्या खोलीत गेली. टेबल जड आहे, मी मदत करायला उठणार होतो.

१६ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. अप्रतिम. सगळे आकडे वर. दोनतीन ठिकाणी लॅबवाल्याने ठळक छापलंय, एका ठिकाणी बाण काढलाय. सोनोग्राफीतसुद्धा लिव्हरला सूज. एका संध्याकाळच्या मेहनतीत एवढं यश मला दहावीतही मिळालं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना कौतुकाने विचारलं, एका दिवसात एवढं होऊ शकतं ना? त्या म्हणाल्या, नाही, हे दहाबारा वर्षांचं काम आहे. आणखी अशीच काही वर्षं गेली तर दाखवायला तुम्ही येणार नाही, घरचे येतील. डॉक्टर लोकांना घाबरवायची हौस असते. परतीच्या बसमध्ये मात्र पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून बसलो. का, ते माहीत नाही. तिथे काही दुखत नव्हतं.

१८ फेब्रुवारी

खरेदीचा पुरावा हवा म्हणून वाइन शॉपमध्ये गेलो. दुकानदाराला बाजूला घेऊन म्हणालो, जरा फुगवून बिलं करून दे. तो म्हणाला, फुगवायचं कशाला, तुमचं पॉइंट्सचं कार्ड आहे ना, त्यावर सगळं आहे. मशीन दाबलं. कागद निघू लागला. निघतच राहिला. काउंटरवरून खाली आला, जमिनीला लागला, मागच्या गिऱ्हाइकाने बुटाखाली येऊ नये म्हणून उचलून धरला.

हे रेकॉर्ड चुकीचं आहे. माझा मोबाइल नंबर सांगून दुसरंच कोणीतरी माल नेतं. दुकानदाराला तसं सांगितलं. तो म्हणाला, असेल, पण तो माणूस दिसतो हुबेहूब तुमच्यासारखा. वर पॉइंट्स साठल्याबद्दल मला एक छत्री दिली.

पुरावा म्हणून ठीक आहे. कागदाची गुंडाळी करून फाइलला लावली. फाइल बंद होत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज साक्षीदार. बायकोला समोर बसवलं आणि सांगितलं, तू बोल, मी उतरवून घेतो, जरा रंगवून सांग. ती कपड्यांच्या घड्या घालत बोलू लागली. थांबेचना. या बाईची कल्पनाशक्ती एवढी अफाट असेल असं मला वाटलं नव्हतं. मी जिन्यात झोपलो म्हणे. गॅस चालू ठेवून झोपलो म्हणे. सासऱ्यांना शेवटचं भेटायला गेलो तेव्हा गाडीतून उतरताच आलं नाही म्हणे, आणि ते माझी वाट बघत गेले. सगळं एकाच सुरात, टॉवेलाची घडी घातल्यासारखं.

मग तिने शाळेच्या बक्षीस समारंभाचं काढलं. मी उशिरा गेलो, खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि स्टेजवरून खाली आलेल्या भलत्याच मुलीला आपली लेक समजून कडेवर घ्यायला गेलो. इथे मी लेखणी थांबवली. क्लेम तपासनीस म्हणून सांगणं भाग होतं की या घटनेला तारीख नाही, स्वतंत्र साक्षीदार नाही आणि क्लेमदाराला काही आठवत नाही. शेरा, पुरावा अपुरा.

आतल्या खोलीतून लेकीने तारीख सांगितली. मग म्हणाली, चौथी रांग, निळा शर्ट. ती मुलगी घाबरून रडायला लागली होती. ती अजून माझ्याच वर्गात आहे, तिला मी सांगितलं की तो माणूस कोण होता ते मला माहीत नाही.

आज ती माझ्याशी इतकं बोलली. प्रकृतीत सुधारणा आहे असं म्हणायला हरकत नाही. निळा शर्ट कपाटात आहे. बटण तुटलेलं आहे.

२१ फेब्रुवारी

फाइल ऑफिसात दिली. स्कूटरच्या प्रकरणापासून माझ्या जागी काम बघते ती माझ्या हाताखालची पोरगी. तिला आम्ही तपशीलबाई म्हणतो, कारण तिला प्रत्येक गोष्टीचा तपशील लागतो. ती सवय तिला मीच लावली. अर्ध्या तासात तिचा फोन. फाइल उत्तम आहे सर, फक्त कलम नऊ राहिलंय.

कलम नऊ स्टाफलाही लागू आहे, हे मी विसरलोच होतो. आणि ते लिहिलंय मीच.

काही वर्षांपूर्वी कंपनीने पॉलिसीत व्यसनाचे उपचार समाविष्ट केले, तेव्हा वरचे लोक धास्तावले होते. मी तोडगा सुचवला. पेशंटने शुद्धीवर असताना, क्लेम अधिकाऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने एकच वाक्य म्हणायचं. मला हे सोडता येत नाही. पुढेमागे काही जोडायचं नाही. माझा अनुभव असा की पिणारा माणूस जगातलं काहीही कबूल करेल, पण एवढं करणार नाही. झालंही तसंच. लोक आले, रडले, पोराबाळांच्या शपथा घेतल्या आणि त्या वाक्याशी येऊन भलतंच काही बोलून गेले. क्लेम नामंजूर. कंपनीचे एवढे पैसे वाचले की मला सत्कार करून भिंतीवरचं घड्याळ दिलं.

एक बाई म्हणाली होती, साहेब, यांच्या वतीने मी म्हटलं तर चालेल का? चालत नाही, हे तिला समजावून सांगितलं. तिने आभार मानले आणि कागद घेऊन गेली. हे आज का आठवावं कळत नाही.

असो. एक वाक्य म्हणायचं. पाच शब्द. शाळेत असताना नाटकात राजाचं काम केलंय मी.

२२ फेब्रुवारी, रविवार

आरशासमोर तालीम. मला हे सोडता येत नाही. आवाज छान लागतो. नुसतं तेवढं म्हणायला कोरडं वाटतं, म्हणून हात थरथरण्याचाही सराव केला. जमत नाही. हात दगडासारखा स्थिर. स्वाभाविक आहे.

बुधवारी केंद्रातच डॉक्टरीणबाई, साहेब आणि तपशीलबाई यांच्यासमोर वाक्य म्हणायचं आहे. शुद्धीवर असल्याबद्दल कोणाला शंका नको, म्हणून आजपासून पूर्ण बंद. ज्याला सवय नाही त्याला अवघड काय?

२३ फेब्रुवारी, सोमवार

अक्षर नीट येत नाहीये. टेबल डुगडुगतंय. बायको म्हणाली, टेबल नाही डुगडुगत.

हाताची थरथर आली एकदाची. कालच्या तालमीचा परिणाम, जरा उशिरा. अभिनय इतका अंगात मुरलाय की थांबवता येत नाहीये. घाम. चहाचा कप उचलला आणि अर्धा चहा वहीवर. लेकीने दोन्ही हातांनी कप धरला आणि माझ्या तोंडाला लावला. मी म्हणालो, बघ कसं करतोय, अगदी खरं वाटतं ना? ती हो म्हणाली.

भिंतीवर मुंग्या. बायकोला पेस्ट कंट्रोलला सांगायला सांगितलं. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोनमधून त्यांचा आवाज मला पलंगावर ऐकू येत होता. मनाने बंद करू नका म्हणून सांगितलं होतं. मेहुणा दुकान बंद ठेवून गोळ्या घेऊन आला आणि दिवसभर खुर्ची टाकून बसला. माझं तोंड पुसलं. हा माणूस मला कधीच आवडला नाही.

२४ फेब्रुवारी

गोळ्यांनी बरं वाटतंय. मुंग्या नाहीत. त्या होत्याच, पण गेल्या असतील.

२५ फेब्रुवारी, बुधवार

स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट. पांढरा घातला. बायको बरोबर. केंद्रातल्या छोट्या खोलीत सगळे बसले होते. माझी फाइल टेबलावर, दोरीने बांधलेली.

मी सुरुवात केली. बोलायला उभा राहिलो आणि बोलतच गेलो. बालपण, ऑफिसचा ताण, समाजाची घसरण. मी रडलो. साहेबांनी चष्मा पुसला. झाल्यावर तपशीलबाई म्हणाली, सर, खूप छान बोललात, आता फक्त ते वाक्य.

मी म्हणालो, मला हे सोडता येत नाही असं घरच्यांचं म्हणणं आहे. तिने मान हलवली, चालत नाही. मी म्हणालो, हे सोडणं अवघड असू शकतं. नाही. मी म्हणालो, मनात आणलं तर मला सोडता येईल, पण सध्या मी ते मनात आणत नाही. ती लिहीत नव्हती. पेन उघडं धरून थांबली होती. असं थांबायचं असतं, पेशंटला मदत करायची नाही, हे तिला मीच शिकवलंय.

तोंड उघडलं. ‘मला हे’पर्यंत आलं. पुढचे तीन शब्द राहिले. आरशासमोर पन्नास वेळा म्हटलेलं वाक्य. बायकोने तोंड उघडलं, तेव्हा तपशीलबाईने तिला हाताने थांबवलं. खोलीत डेपोचा भोंगा ऐकू आला. मी म्हणालो, हा नियम मी केलाय, तो मला शिकवू नका. आणि खाली बसलो.

क्लेम नामंजूर. तपशीलबाईचे डोळे भरले होते. क्लेम अधिकाऱ्याने भावनेच्या आहारी जाऊ नये, तिला सांगायचं राहून गेलं.

विचार केल्यावर खरं कारण लक्षात आलं. जे नाही ते आहे म्हणायला माझी जीभ रेटली नाही. शेवटी प्रामाणिक माणूस. येताना रिक्षा थांबवून एक बाटली घेतली, फक्त झोपेपुरती. बायको रिक्षातच बसून होती.

२६ फेब्रुवारी

गेल्या दोघी. सकाळी मेहुणा गाडी घेऊन आला. भांडण नाही, रडारड नाही. बायकोने गॅसचं बटण कुठे बंद करायचं ते दाखवलं, दोनदा दाखवलं. लेकीने बूट घालताना वर पाहिलं. मी म्हणालो, चार दिवसांची गोष्ट आहे. ती नाही म्हणाली.

घर फार मोठं आहे. मला वाटत होतं लहान आहे.

संकल्प. उद्यापासून पहाटे उठणे, फिरणे, राजीनाम्याचा मसुदा, स्वतःचा कन्सल्टन्सीचा व्यवसाय. क्लेम कसे मंजूर करून घ्यावेत यावर लोकांना सल्ला. संध्याकाळ झाली. ती बाटली संपली होती. सुदैवाने दुसरी होती.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उठलो, फिरलो नाही. पलंग आज रिकामा होणार होता, तो माझ्या नावावर अडकून राहू नये म्हणून केंद्रात फोन केला. कोणाचं नुकसान करायला मला आवडत नाही. रिसेप्शनच्या बाईंना सांगितलं, बुकिंग कॅन्सल करायचं आहे. त्या म्हणाल्या, कारण काय लिहू? दुसरीकडे अॅडमिट होताय की बरं वाटतंय?

बरं वाटतंय म्हणणार होतो. तोंडात तयार होतं. समोर ग्लास होता, सकाळी दहा वाजता. तो मी कधी भरला ते मला खरोखर आठवत नव्हतं.

मी म्हणालो, मला हे सोडता येत नाही.

एकदम बाहेर आलं. ना हाताची थरथर, ना राजाचा आवाज. शिंक यावी तसं. त्यानंतर मी बहुतेक रडत होतो. त्याची नोंद करायची की नाही ते ठरवलेलं नाही.

रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, बरं, मग कॅन्सल करत नाही. जेवणाआधी या.

इतकंच. मी त्यांना सांगितलं की नियमाप्रमाणे ही कबुली ग्राह्य नाही, क्लेम अधिकारी हजर नव्हता आणि मी शुद्धीवर आहे याचीही खात्री देता येत नाही, तेव्हा कंपनी पैसे देणार नाही. त्या म्हणाल्या, त्या दिवशी पेन उघडं धरून बसलेल्या तुमच्या ऑफिसातल्या ताईंचा कालपासून दोनदा फोन आला. काय झालं, आलात का, म्हणून. बरे झाल्यावर पुन्हा म्हणा, त्या इथे येऊन ऐकून घेतील. म्हणता नाहीच आलं तर पैशांचे हप्ते करू. बरोबर दोन टॉवेल आणा, आमच्याकडचे पुरत नाहीत.

टॉवेल कुठे असतात ते मला माहीत नाही. या घरात सोळा वर्षं राहतोय. सगळी कपाटं उघडली. एका कपाटात लेकीची बक्षिसं होती, ओळीने लावलेली. ती इतकी आहेत हे मला माहीत नव्हतं.

मेहुण्याकडे फोन केला. लेकीने उचलला. मी विचारलं, आपल्याकडे टॉवेल कुठे ठेवतात? तिने विचारलं, कशाला हवेत. सांगितलं. मी म्हणालो, बाकी काही काम नव्हतं, फक्त टॉवेल.

ती म्हणाली, बाथरूमबाहेरच्या कपाटात खालच्या खणात. मग म्हणाली, एकटा जाऊ नकोस, आम्ही येतो, खालीच थांब.

टॉवेल सापडले. पिशवीत भरले. गॅसचं बटण दोनदा पाहिलं. खाली जाऊन थांबतो.